तिसरी फळी

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, ते फॉर्म न भरताही मिळतात.

तुझं जाड पाकीट मिळालं. वाटलं, हॉस्पिटलने चाकांची नवी ऑर्डर पाठवली. उघडलं तर आत चौदा प्रश्नांचा फॉर्म, चकचकीत कागदावर, आणि वर तुझी चिठ्ठी: 'काका, एकतीस मार्चच्या आत भरून पाठवा. नवीन संचालकबाईंचा नियम आहे. ज्या पुरवठादाराकडे नवोन्मेषाची लेखी प्रक्रिया नाही, त्याचा माल एक एप्रिलपासून बंद.'

म्हणजे बावीस वर्षं तुमच्या खाटा, स्ट्रेचर आणि औषधांच्या ट्रॉल्या माझ्या चाकांवर फिरताहेत, पण ती चाकं मी कुठल्या प्रक्रियेने सुधारली हे कागदावर नसल्यामुळे एक तारखेपासून ती फिरायची थांबणार. पदार्थविज्ञानातला हा नियम माझ्या वाचनात आला नाही. मी शाळा नववीत सोडली. दहावीत शिकवत असतील.

प्रश्न सहावा: 'आपल्या संस्थेतील नवोन्मेष प्रक्रियेचे टप्पे क्रमाने लिहा.' घे लिहून. टप्पा एक: चाक बिघडतं. टप्पा दोन: ग्राहक शिव्या देतो. टप्पा तीन: मी चाक खोलतो. टप्पा चार: चहा. टप्पा पाच: मी चाक पुन्हा खोलतो, कारण चहाआधी नीट बघितलेलं नसतं.

प्रश्न आठवा: 'आपल्याकडे स्वतंत्र नवकल्पना कक्ष आहे का? असल्यास क्षेत्रफळ.' आहे. माझं डोकं. क्षेत्रफळ काकूला विचार; तिच्या मते फार नाही.

प्रश्न अकरावा मात्र बरा आहे: 'अपयशाची नोंद कशी ठेवता?' परत आलेलं एकही चाक मी आजवर भंगारात घातलेलं नाही. लेथच्या मागच्या भिंतीला तीन फळ्या आहेत. प्रत्येक चाकाला तारेने पत्र्याची चकती बांधलेली, तिच्यावर ठोक्याने उमटवलेली तारीख, चाक कुठून आलं ते, आणि शेरा. पहिली फळी: आमची चूक. दुसरी: मालाची चूक, म्हणजे रबर किंवा बेअरिंगचे छर्रे वाईट निघाले. तिसरी: ग्राहकाचा आगाऊपणा. लोक चाकाला काय काय करतात, तुला कल्पना नाही. कोणी तेलाऐवजी मलम चोळतं, कोणी तारा बांधतं, कोणी चिंध्या कोंबतं. पहिल्या फळीवर चार चाकं आहेत. तिसरी वाकली आहे.

फॉर्म परत पाठवतोय. मागची बाजू कोरी आहे, तुझ्या कामाला येईल.

तुझा काका

ता. क. फोन करू नकोस. फोनवर बोललेलं नंतर मोजता येत नाही.


९ फेब्रुवारी

ती. काकांना,

नमस्कार, आणि तुमचाच फॉर्म.

तुमचे टप्पे संचालकबाईंनी वाचले. टप्पा चारवर बोट ठेवून विचारलं, "चहा म्हणजे विचारमंथन का?" मी हो म्हटलं. तुमच्यासाठी मी आणखी किती खोटं बोलायचं, तेही एकदा मोजून कळवा.

आता चेष्टा बाजूला. परवा एका मोठ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने बेचाळीस पानांची प्रक्रिया दिली, रंगीत बाणांसकट. चाक नीट फिरतं का, हे कोणी विचारलं नाही, कारण बाण फारच सुंदर आहेत. तुमचा निम्मा माल आमच्याकडे येतो. तो बंद झाला तर तुमच्या अकरा माणसांना काय सांगणार? लेथवरच्या टर्नरकाकांना पदार्थविज्ञान समजावणार?

एक खरी संधी आहे. वॉर्डांत केस, दोरे, बँडेजचे धागे चाकाच्या आसेत गुंडाळले जातात. चाक अडतं आणि असं ओरडतं की झोपलेला पेशंट उठून बसतो. संचालकबाई परवा फेरीवर असताना तीन ट्रॉल्या एका सुरात ओरडल्या. तेवढं सोडवा आणि फॉर्मात लिहा. बाकीचे तेरा प्रश्न मी सांभाळते.

प्रश्न नऊ मात्र जपून: 'नवकल्पनेचा जनक.' तो तुमच्याच संस्थेतला हवा. बाहेरचा निघाला तर गुण शून्य.

आणि तपासणीला माणूस येईल, तेव्हा त्या फळ्या आवरा. भुताटकी वाटते.

तुमची भिंगरी


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

बसून वाच.

त्या धाग्याच्या मागे मी अकरा वर्षं आहे. चाक आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क यांच्यातली फट दोन मिलिमीटर होती, ती एकावर आणली. एकावरून अर्ध्यावर. धागा पाव मिलिमीटरचा असतो. तो अंग चोरून येतोच. रबरी सील लावलं, तर चाकच जड फिरायला लागलं. हे तुला सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुढचं वाचताना तुला त्याची किंमत कळावी.

परवा सकाळी दाढी करताना सुचलं.

आसेवर, चाकाच्या दोन्ही बाजूंना, मऊ प्लास्टिकची एकेक चकती. मधे भोक, आणि भोकापासून कडेपर्यंत एक चीर. धागा छर्र्यांपर्यंत पोचायच्या आत चकतीवरच गुंडाळला जातो, रिळावर गुंडाळावा तसा. गच्च भरली की चिरीपाशी धरून ओढायची, धाग्यांसकट बाहेर. नवी दाबून बसवायची. पाना नको, चाक काढणं नको. मी घड्याळ लावून बघितलं: नऊ सेकंद.

प्रश्न नऊ, ठळक अक्षरांत: जनक, मी. स्वतः. एकट्याने. शिक्षण: नववी. तुमच्या बाणवाल्यांना सांग, बेचाळीस पानं आणि एक दाढी यांतला फरक काय असतो.

टर्नर म्हणाला, "मालक, हे कुठंतरी बघितल्यासारखं वाटतं." त्याला सगळंच बघितल्यासारखं वाटतं. चष्म्याचा नंबर वाढलाय त्याचा.

सही केलेला फॉर्म आणि चार नमुने सोबत आहेत. फळ्याही आवरायला घेतल्या, तुझ्या आग्रहाखातर. तिसरी अर्धी रिकामी झाली, चाकं पोत्यात.

तुझा (जनक) काका


५ मार्च

ती. जनकांना,

कोपरापासून नमस्कार! नमुने बघून आमच्या विभागात टाळ्या वाजल्या. एकाने तर चकती बोटात घालून तासभर मीटिंग केली. काका, खरंच, मला फार अभिमान वाटला. कॉलेजात मी दोन वर्षं 'नवोन्मेष' शिकले आणि त्यात कुठेही दाढीचा उल्लेख नव्हता.

उद्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन चाचणीसाठी एक ट्रॉली निवडते. मग फॉर्म पुढे.

भिंगरी


१२ मार्च

ती. काकांना,

फॉर्म पुढे गेलेला नाही. माझ्या खणात आहे.

तिसऱ्या मजल्यावर सगळ्यात जास्त ओरडणारी ट्रॉली हवी होती. सगळ्या ओरडतात, एक सोडून. औषधांची. म्हणून खाली वाकून बघितलं. चाकाच्या दोन्ही बाजूंना, आसेवर, सलाईनच्या बाटलीची निळी झाकणं. मधे भोक. भोकापासून कडेपर्यंत चीर.

मजल्यावर सफाईच्या मावशी होत्या. विचारलं, हे कोणी केलं?

"मी केलं. का? चालत नाही का?"

"चालतं. कधीपासून आहे?"

"दोन वर्षं झाली की. आधी त्या दुसऱ्या ट्रॉलीला लावली होती. ती चाकं दुरुस्तीला गेली, झाकणांसकट. चाकं नवीन आली, झाकणं आलीच नाहीत. चांगली घोटून घोटून गुळगुळीत केली होती. ठेवून घेतली मेल्यांनी."

मेल्यांनी म्हणजे, काका, आपण.

तर माझा साधा प्रश्न आहे. परवाची तुमची दाढी दोन वर्षांपूर्वी आमच्या तिसऱ्या मजल्यावर कोणी केली? उत्तर देताना पत्र्याची चकती सोबत जोडावी. तारखेची.

मी तुम्हाला शिकवत नाही. प्रश्न नऊ तुम्ही भरलाय तसाच आहे. 'पाठव' म्हणालात तर पाठवीन. अकरा माणसांचं मलाही कळतं. आणि खरं लिहिलंत तर गुण शून्य, हेही तुम्हाला माहीत आहे. सही तुमची आहे, एवढंच.

भिंगरी


२० मार्च

भिंगरे,

काय लिहिलंस गं तू यांना? आठ दिवस झाले, दाढी करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "दाढी करताना सुचतं, आणि मला आता काही सुचायला नको आहे." टर्नरभावजींशी बोलत नाहीत. जेवताना समोरच्या भिंतीकडे बघतात. काल अचानक इस्त्रीचा शर्ट घातला, तेलाची कुपी खिशात टाकली आणि गेले. संध्याकाळी आले ते हसत. मला त्या हसण्याचीच जास्त काळजी वाटते. कळव.

काकू


२४ मार्च

चि. भिंगरीस,

चकती सोबत जोडली आहे. तूच वाच: 'हॉस्पिटल, तिसरा मजला. झाकणं अडकवून छेडछाड. ग्राहकाचा आगाऊपणा.' ठोका माझा, अक्षरं माझी, आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची. ओळीत बघ किती सरळ ठोकलंय.

फळ्या आवरताना टर्नरने ते चाक माझ्या हातात दिलं. अर्धा तास ते मी फिरवून बघत होतो. मग घरी गेलो आणि दाढी केली. म्हणजे दाढी खरी आहे आणि सुचणंही खरं आहे. मी फक्त क्रम बदलला. तुला इतकं सविस्तर लिहिताना एवढी एक बारीक गोष्ट राहून गेली.

एकोणीस तारखेला तुमच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो. तुला मुद्दामच सांगितलं नाही. मावशी जिन्यापाशी बादली पिळत होत्या.

"तुम्ही चाकवाले का?" मी काही बोलायच्या आत म्हणाल्या. माझ्या खिशातली तेलाची कुपी दिसली असावी.

"हो."

"मग आधी माझी दोन झाकणं द्या."

दिली. खिशात घेऊनच गेलो होतो. त्यांनी उजेडाकडे धरून बघितली, पुसली, पदरात बांधली. मग मी माझी चकती काढली. काटकोनात कापलेली, जाडी एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर, कुठेही खरचटलेली नाही. त्यांनी घेतली आणि हसल्या.

"चीर सरळ ठेवलीत होय? सरळ चीर फिरताना उघडते. दोन दिवसांत गळून पडेल ही. मी तिरकी कापते."

"किती तिरकी?"

"किती म्हणजे? तिरकी."

मी झाकणं पुन्हा मागून घेतली, कोनमापक काढलं आणि तिथेच जिन्यावर बसून मोजलं. एकतीस अंश. दुसऱ्या झाकणाची चीर मोजली, तीही एकतीस. मावशी म्हणाल्या, "बरं झालं, आता तुमचा आकडा तुम्हाला मिळाला, माझं झाकण मला."

म्हणजे भिंगरे, मी नुसती नक्कल केली नाही, तर चुकीची केली. अर्धा तास चाक हातात धरून मला चिरीची रुंदी दिसली, तिरकेपणा दिसला नाही. अकरा वर्षं मी धाग्याला दारातून हाकलत होतो. या बाईंनी त्याला बसायला जागा दिली.

आता तुझ्या वाट्याचं. मी मावशींना विचारलं, "एवढं चांगलं केलंत, तर ऑफिसात का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. त्या सूचनापेटीत टाकलं. सिस्टरांकडून लिहून घेतलं होतं." आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. प्लास्टिकमध्ये ठेवलाय जपून. 'आपली सूचना अत्यंत मौल्यवान असून तिची नोंद घेण्यात आली आहे.' मावशी म्हणाल्या, "कुठे घेतली ते नाही लिहिलं."

सही बघितली. सहीच्या खाली दुहेरी रेघ, वरची लांब, खालची आखूड. ती रेघ तू दुसरीत असताना मी तुला पट्टी धरून शिकवली होती.

तर माझ्याकडे पत्र्याची फळी आणि तुझ्याकडे कागदाची. माझी निदान वाकली तरी होती.

नवा फॉर्म भरून पाठवतोय. प्रश्न नऊमध्ये मावशींचं पूर्ण नाव आहे, त्यांनी सांगितलं तसं, त्यांना वाचून दाखवून. 'संस्थेशी नाते' या रकान्यात लिहिलंय: 'बाहेरच्या. संस्थेने त्यांना आगाऊ ठरवले होते.' चिरीचा कोनही दिला आहे. पुढे पाठव. अकरा जणांना मी सांगितलंय. टर्नर एवढंच म्हणाला, "बघितल्यासारखं वाटत होतं मला." चष्म्याबद्दल मी त्याची माफी मागितली.

काका


४ एप्रिल

ती. काकांना,

त्या सहीबद्दल आधी. त्या महिन्यात मी चारशे सूचनांना उत्तरं दिली आणि एकही वाचली नाही. सर्वांत जलद प्रतिसादाबद्दल मला प्रशस्तिपत्रही मिळालं. माझ्या खुर्चीमागे टांगलेलं होतं. आता खणात आहे, तुमचा फॉर्म होता तिथे. मावशींना भेटून आले. माफी मागितली. म्हणाल्या, "असू दे गं, कागद चांगला होता, टिकला."

आता निकाल. प्रश्न नऊ: शून्य. एकूण शेरा: 'प्रक्रिया अस्पष्ट, जनक बाह्य.' कंत्राट बाणांना गेलं. मी समितीपुढे बरंच बोलले, पण माझ्याकडे बाण नव्हते.

एक फट मिळाली, अर्ध्या मिलिमीटरची. संचालकबाई मजल्यावर आल्या तेव्हा मावशींनी त्यांना तोंडावर सांगितलं, "माझ्या ट्रॉल्यांची चाकं बदललीत, तर ढकलायलाही तुम्हीच या." त्यामुळे तिसरा मजला सहा महिने तुमच्याकडे, 'प्रयोग म्हणून'. बाकी पाच मजले गेले.

काका, मला वाईट वाटतंय. तुम्ही खरं लिहावं असं मला वाटत होतं. पण शून्य त्यांनी इतक्या सहज दिलं.

भिंगरी


२० एप्रिल

चि. भिंगरीस,

रडू नकोस, अक्षर बिघडतं.

कोणालाही घरी बसवलेलं नाही. हातात काम कमी आणि माणसं अकरा, म्हणून आम्ही तिसरी फळी वाचायला घेतली. त्रेसष्ट चाकं. चकतीवर पत्ता आहेच, एकेक माणूस एकेक चाक घेऊन ज्याचं त्याच्याकडे जातो आणि विचारतो, "हे तुम्ही का केलं होतं?" पहिल्यांदा सगळे घाबरतात, त्यांना वाटतं, भांडायला आलो. मग बोलतात.

ग्रंथालयवाल्याने चाकात चिंध्या कोंबल्या होत्या, कारण वाचनकक्षात आवाज नको होता. बेकरीवाला तेल लावत नव्हता, कारण तेलाचा वास पावाला लागतो. त्याने मेण वापरलं होतं, आणि ते उत्तम चालत होतं. मी शेरा मारला होता: 'अज्ञान.' कोणाचं, ते चकतीवर लिहिलेलं नाही.

बिनतेलाचं चाक तयार आहे. बेकरीवाल्याने आपल्या तीन व्यवसायबंधूंना सांगितलं. निम्मा कारखाना अजून भरायचाय. पण लेथ चालू आहे.

तुझ्या प्रश्न सहाचं उत्तर आता मला येतं, पण आता कोणी विचारत नाही.

काका


१६ जुलै

ती. काकांना,

हॉस्पिटलमध्ये चोऱ्या होताहेत. फक्त ट्रॉल्यांच्या, आणि फक्त तिसऱ्या मजल्यावरून.

पहिल्यांदा पाचव्या मजल्यावरच्या सिस्टर औषधांची ट्रॉली 'चुकून' घेऊन गेल्या. मग शस्त्रक्रियेवाल्यांनी स्ट्रेचर पळवलं आणि त्यावर स्वतःच्या विभागाचं नाव रंगवलं. गेल्या आठवड्यात मावशींनी ट्रॉल्यांना साखळ्या घातल्या. किल्ल्या कमरेला.

चौकशी समिती बसली. तीन बैठका झाल्या. अहवालाचा निष्कर्ष असा: 'इतर मजल्यांवरील चाके धाग्यांमुळे अडत असल्याने कर्मचारी तिसऱ्या मजल्याकडे आकर्षित होतात.' समितीत एक डॉक्टर, एक वकील आणि एक सल्लागार होते, मावशी नव्हत्या. तरी पोचले.

तर सहाही मजले तुमच्याकडे परत, एक ऑगस्टपासून. बाणांची बेचाळीस पानं मी मावशींना दिली. कागद जाड आहे; ट्रॉलीच्या खणांत अंथरलीत त्यांनी.

सूचनापेटीची किल्ली आता माझ्याकडे असते. दिवसाला चारच वाचून होतात. प्रशस्तिपत्र मिळायची शक्यता संपली.

भिंगरी


२२ जुलै

चि. भिंगरीस,

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. टर्नरने साखळ्यांचा भाग दोनदा वाचायला लावला. काकू म्हणाली, त्या मावशींना तुमच्या कारखान्यात आणा. मी म्हटलं, नको; मग त्या संस्थेतल्या होतील आणि कोणी त्यांचं ऐकणार नाही.

चकतीच्या साच्यावर त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं आहे. दोन मिलिमीटर उंचीचं, भिंगातून सुंदर दिसतं. त्यांना नेऊन दाखवलं. म्हणाल्या, "यात केस अडकतील." खरं आहे. आता बाहेरच्या कडेला घेतलंय.

काल त्यांच्याकडून एक चाक परत आलं. कोरं करकरीत, ब्रेकवालं, मे महिन्यात बनवलेलं. ब्रेकच्या पट्टीला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा दोऱ्याने बांधलाय. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. मी नेहमीप्रमाणे पत्रा घेतला, ठोका घेतला आणि तारीख, मजला उमटवला. त्यापुढे हात सवयीने 'ग्राहकाचा आ' पर्यंत गेला.

टर्नर चष्म्यावरून बघत होता. "कुठल्या फळीवर ठेवू, मालक?"

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "पिशवीत घाल."

उद्या सकाळी पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर जाऊन विचारतो, हे का बांधलंत. तिथे इस्त्रीचा शर्ट घालून जायचं म्हणजे दाढीही करावी लागणार. करताना काही सुचलंच, तर ते कोणाचं आहे हे मावशींना विचारून मगच तुला लिहीन.

तुझा काका